दाताखाली, घशामागे

तैपेईत एकाच दुकानात बसून पोट भरणं हा जवळजवळ अरसिकपणाच. वाडगं ओंजळीत मावेल एवढं, त्यात चार-सहा घासांचा भात. दुकानदाराचीही अपेक्षा हीच असते की तुम्ही हे खाल, उठाल आणि पुढच्या गल्लीत जाऊन दुसरं काहीतरी खाल. या सगळ्या प्रकाराला तिथे 'श्याओछ' म्हणतात, म्हणजे छोटं खाणं. दुकानं बहुतेक एका-दोन पदार्थांना वाहिलेली. शेवयावाला भाताच्या वाटेला जात नाही, भातवाल्याला कालवांशी कर्तव्य नाही, आणि चहा तर निराळ्याच दुकानात, निराळ्याच रांगेत मिळतो. एक जेवण पुरं व्हायला चार दुकानं आणि थोडी पायपीट लागते. मधली पायपीटही खाण्यातच धरायची, कारण तिच्यामुळे भूक पुन्हा जागी होते.

मराठी जीभ अशा ठिकाणी पहिल्यांदा गेली की तिखट शोधते, मसाला शोधते, आणि तो सापडला नाही की 'फिकं आहे' असा शेरा मारून मोकळी होते. हा शेरा घाईचा आहे. तैवानी खाण्याचा निम्मा मजकूर दाताखाली असतो, आणि उरलेल्यातला बराचसा गिळून झाल्यावर घशाच्या मागे उमटतो. जिभेवर पहिल्या क्षणी जे कळतं ती फक्त प्रस्तावना.

लू-रौ-फान घ्या. डुकराच्या मांसाचा रस्साभात, एवढ्यात त्याचं वर्णन आटोपतं, आणि म्हणूनच तो फसवा आहे. चांगल्या दुकानात पोटाकडचं मांस कातडीसकट घेऊन हाताने बारीक पट्ट्यांत कापतात. खिमा केला तर कातडी, चरबी आणि मांस यांचा एकच गोळा होतो. पट्टीत मात्र तिन्ही थर शाबूत राहतात. मग सोया सॉस, तांदळाची दारू, खडीसाखर, चक्रफूल-दालचिनीच्या घराण्यातला पाच मसाल्यांचा किंचित स्पर्श, आणि मंद आचेवर तासन्‌तास उकळणं. सगळ्यात महत्त्वाचा तो तळलेला छोटा लाल कांदा. चरबीत खरपूस तळून तो रश्शात सोडला की दिसेनासा होतो आणि सगळीकडे असतो. आपल्याकडे बिर्याणीवर तळलेला कांदा मिरवतो. इथे तो विरघळून रश्शाचा पाया होतो. हा कांदा कच्चा राहिला किंवा करपला तर बाकी कितीही चांगलं असून उपयोग नाही.

आता वाडगं समोर आलं आहे. भात पांढरा, आखूड दाण्याचा, एकमेकाला धरून राहणारा. हा तांदूळही इतिहासाने दिलेला. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं तैवान जपानच्या ताब्यात होतं. जपानी जिभेला रुचेल असा आखूड दाण्याचा तांदूळ बेटाच्या उष्ण हवेत पिकवण्याची खटपट तेव्हा झाली आणि १९२६ साली त्याला 'होराई' हे नाव मिळालं. चिनी उच्चारात तो 'पंगलाय'. लांब, मोकळ्या दाण्याच्या भातावर हा रस्सा ओतला तर तो खाली उतरून वाडग्याच्या तळाशी साचेल. चिकट दाणा त्याला वरच्या वर धरून ठेवतो. पहिल्या घासात गोडसर-खारट रस्सा, मग चरबीचा तुकडा, जो चावावा लागत नाही, नुसता जिभेने दाबला तरी विरतो, आणि त्यामागून कातडीची पट्टी, जी किंचित प्रतिकार करते. त्या एवढ्याशा प्रतिकारासाठी सगळा खटाटोप असतो. खाऊन झाल्यावर ओठ एकमेकांना हलकेच चिकटले, तर कातडीतला चिकटपणा रश्शात नीट उतरला असं समजावं. बाजूला पिवळ्याधमक खारवलेल्या मुळ्याची एक चकती असते. तीही जपानी राजवटीची आठवण, आणि चरबीचा तवंग मोडण्याचं तिचं काम ती चोख करते.

हाच पदार्थ दक्षिणेला तैनानमध्ये त्याच नावाने मागितला तर भातावर मांसाचा अख्खा जाड काप येण्याची शक्यता मोठी. उत्तर-दक्षिण वाद तिथेही आहेत. मात्र २०११ साली मिशलँच्या प्रवासी मार्गदर्शिकेने हा भात चीनच्या शानतुंग प्रांतातला असं छापलं, तेव्हा सगळं बेट एक झालं. तैपेईच्या महापौरांनी निषेध म्हणून लोकांना एक हजार वाडगी भात फुकट खाऊ घातला. निषेधाच्या इतर अनेक तऱ्हांपेक्षा ही मला अधिक पटते.

पण या बेटाच्या खाण्याचा खरा सूत्रधार डुकराहून साधा आहे. तो म्हणजे रताळं. नकाशात तैवानचा आकार रताळ्यासारखा दिसतो आणि तिथली जुनी माणसं स्वतःला रताळ्याची लेकरं म्हणवतात. त्यामागे आकारापेक्षा गरिबी जास्त आहे. चांगला तांदूळ बोटीत चढून जपानला जायचा आणि पिकवणाऱ्याच्या ताटात किसून वाळवलेलं रताळं पडायचं, त्यात भात असलाच तर नावापुरता. पोटभरीचा हा कंद पुढे सुबत्ता आली तसा ताटाच्या मध्यावरून हलला, आणि त्याचं सत्त्व मात्र स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलं. तैवानी रस्त्यावरच्या खाण्यात जे जे लवचिक, लुसलुशीत, पारदर्शक आणि दाताला उलट उत्तर देणारं आहे, त्यातल्या पुष्कळशा गोष्टींच्या मुळाशी हे सत्त्व किंवा त्याचा भाऊबंद असलेलं कसाव्याचं सत्त्व सापडतं. या गुणाला तिथली माणसं चक्क इंग्रजी अक्षराने ओळखतात: 'क्यू'. फारच छान असेल तर 'क्यूक्यू'.

तैपेईतल्या निंगश्याच्या रात्रबाजारात कालवांचा पोळा करताना पाहावा. खाण्याआधी पाहणं इथे आवश्यक आहे. मोठ्या सपाट तव्यावर चरबी, तीवर मूठभर छोटी कालवं, आणि ती आक्रसायच्या आत रताळ्याच्या सत्त्वाचं पाणी. हे पाणी दुधासारखं पांढरं असतं. अर्ध्या मिनिटात त्याच्या कडा काचेसारख्या होतात आणि पारदर्शकपणा आत सरकत जातो. मग अंडं फोडायचं, पालेभाजीची मूठ टाकायची, उलटायचं. पानात येतो तो एकसंध पोळा नसतोच. त्यात चार निरनिराळे प्रदेश असतात. कडेला अंड्याची कुरकुरीत जाळी, मध्ये ताणला जाणारा मऊ चिकट थर, भाजीचा किंचित कडवटपणा, आणि दाताखाली फुटून खारं पाणी सोडणारं कालव. यातलं कुठलंही एक काढून घेतलं तर उरलेल्याला अर्थ राहत नाही. वरून ओततात तो गुलाबी-लाल गोडुस सॉस मला जरा जास्तच वाटतो. कालवं ताजी असतील तर त्यांच्यावर एवढं पांघरूण कशाला? पण हे तिथे मोठ्याने बोलू नये.

दंतकथा अशी की १६६१-६२ साली कोशिंगा नावाच्या सेनापतीने डचांना बेटावरून हुसकावलं, त्या वेढ्यात तांदूळ संपला आणि सैनिकांनी कालवं व रताळ्याचं पीठ तव्यावर टाकून वेळ निभावली. डचांची माघार हा इतिहास आहे, पोळ्याची गोष्ट ही गोष्ट आहे. तरी टंचाईतून चैन जन्मते, हे तिचं मर्म बेटाच्या स्वयंपाकाला तंतोतंत लागू पडतं.

तैपेईच्याच शीमेनदिंग भागात १९७५ पासून चाललेलं आ-चुंग हे शेवयांचं दुकान याच सत्त्वाचा दुसरा प्रयोग दाखवतं. तिथे खुर्च्या जवळजवळ नाहीत. लोक फुटपाथवर उभे राहून, वाडगं हातात धरून चमच्याने शेवया खातात. चॉपस्टिक्स इथे निरुपयोगी. शेवया आधी वाफवून लालसर केलेल्या, त्यामुळे तासन्‌तास उकळूनही त्यांचा लगदा होत नाही. रश्शाला सत्त्वाचं आळण लावलेलं, इतकं की चमचा फिरवला तर वाट क्षणभर दिसावी. इतरत्र या शेवयांत कालवं घालतात, इथे आतड्यांचे तुकडे. वाळवलेल्या माशाचा धुरकट सुगंध, वर कोथिंबीर, आणि बाजूला लसूण, काळं व्हिनेगर, तिखट ठेवलेलं. व्हिनेगर घालाच. आळणामुळे चव जिभेवर जरा रेंगाळत सरकते, आणि आंबटपणा नसेल तर ती तिथेच बसून राहते.

सगळंच असं दाताशी खेळणारं असतं असं नाही. १९४९ नंतर चीनमधून पराभूत होऊन आलेल्या सरकारबरोबर लाखो माणसं आली, त्यांनी आपापले प्रांत वाडग्यात घालून आणले. बीफ नूडल्सचा लाल झणझणीत रस्सा त्यांचा. त्याआधी शेतात राबणाऱ्या बैलाचं मांस खाणं बेटावरच्या शेतकऱ्याला रुचत नसे. तैपेईहून नदीपलीकडे योंगहमध्ये १९५५ साली सुरू झालेलं सोयादुधाचं दुकान त्यांचंच, आणि आज 'योंगह' हे सोयादुधाचं जणू दुसरं नाव झालं आहे. त्यातलं खारं सोयादूध जरूर घ्यावं: वाडग्याच्या तळाशी व्हिनेगर आणि वाळवलेला झिंगा, वरून उकळतं दूध, आणि आपल्या डोळ्यांदेखत ते मऊसूत फुटतं. दूध फाटणं म्हणजे नुकसान हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की पहिला चमचा तोंडात जायला धीर लागतो.

शाकाहाऱ्यांनी निराश होऊ नये. दुकानाच्या पाटीवर स्वस्तिक दिसलं की आत शिरावं. ते बौद्ध शाकाहाराचं चिन्ह आहे. अशा ठिकाणी रूढ नियमाप्रमाणे कांदा-लसूणही वर्ज्य. जैन थाळी मागून मागून थकलेल्या माणसाला एवढ्या दूर, भाषेचा गंध नसताना, नुसत्या पाटीवरून जेवण मिळावं हे सुख मोठं आहे. बहुतेक ठिकाणी पंचवीस-तीस भाज्या मांडलेल्या असतात. आपण ताट भरायचं, पैसे वजनावर किंवा नजरेच्या अंदाजावर.

आता चहा.

कोपऱ्याकोपऱ्यावर जी चहाची खिडकी असते, तिथे बसायची सोय नसते आणि प्रश्न दोन असतात: साखर किती, बर्फ किती? पूर्ण, सत्तर टक्के, अर्धी, थोडी, अजिबात नाही. याचं उत्तर न देता 'नेहमीसारखा द्या' म्हणायची पद्धत नाही, कारण नेहमीसारखा असा चहाच तिथे नाही. आपल्याकडे टपरीवर 'साखर कमी' म्हटलं की चहावाला दुखावतो. इथे अर्ध्या साखरेची चिठ्ठी छापून कपाला चिकटते. चहा कडक काढलेला, बर्फासकट कॉकटेलच्या भांड्यात घालून हातांनी घुसळलेला. त्यामुळे वर बारीक फेस येतो आणि चहा पटकन थंड होऊनही बेचव होत नाही. कपाच्या तोंडावर यंत्राने पातळ पापुद्रा ताणून चिकटवतात आणि जाड स्ट्रॉ त्यात टचकन खुपसायचा. मेट्रोत मात्र एक घोटसुद्धा घेता येत नाही. स्थानकात खाल्लं-प्यायलं तर दंड किमान दीड हजार तैवानी डॉलर. म्हणून स्थानकांच्या दाराशी घाईघाईने स्ट्रॉ ओढणारी माणसं दिसतात.

बबल टी कोणाचा, यावर दोन दुकानांनी दहा वर्षं कोर्टकचेरी केली. तैनानच्या हानलिनचे थू त्सुंग-ह म्हणतात, १९८६ साली बाजारात पांढरे मोती पाहिले आणि चहात घातले. तैचुंगच्या चुन श्वेई थांगची माणसं म्हणतात, आमच्या लिन श्यू-हुई यांनी थंड चहात आपल्या आवडीचे मोती टाकले, तिथून सुरुवात. २०१९ साली निकाल लागला तो असा की हे पेय कुणीही बनवू शकतं, आधी कोणी केलं हे ठरवण्याची गरज नाही. न्यायालयाने चहाची मालकी चहा पिणाऱ्यांना देऊन टाकली म्हणायची.

हे मोती म्हणजे आपल्या साबुदाण्याचे सख्खे भाऊ. तमिळनाडूत सेलमच्या आसपास ज्या कसाव्याच्या सत्त्वापासून उपासाचा साबुदाणा होतो, तेच सत्त्व तैवानी मोत्यांत असतं, फक्त त्यात बहुधा काळी साखर असते आणि दाणा वाटाण्याएवढा. पण दोघांकडून अपेक्षा अगदी उलट. खिचडी करताना आपली सगळी धडपड दाणा मऊ व्हावा पण मोकळा राहावा यासाठी असते; दाताला तो जाणवलाच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. तैवानी मोती मात्र दाताने दाबल्यावर आधी वाकला पाहिजे, मग हटून बसला पाहिजे, आणि शेवटी एकदम सुटला पाहिजे. त्यासाठी तो भरपूर पाण्यात अर्धा तास उकळतात, तेवढाच वेळ झाकून ठेवतात आणि साखरेच्या पाकात बुडवतात. त्यानंतर घड्याळ सुरू होतं. काही तासांत सत्त्व पुन्हा आवळत जातं, मोत्याचा गाभा खडूसारखा होतो, आणि प्रामाणिक दुकान ती खेप फेकून देतं. बर्फाच्या चहात हे आणखी लवकर होतं, म्हणून हा कप हातात घेऊन गावभर फिरण्यात अर्थ नाही. लगेच प्यावा.

रसग्रहणाच्या दृष्टीने यातली गंमत निराळीच आहे. मोत्याला स्वतःची चव जवळजवळ नाही. चहा वाहून जातो आणि मोती मागे राहतो. तो चावत असताना मघाच्या घोटाचा तुरटपणा तोंडात हळूहळू उलगडतो. मोती चहाला थांबवून धरतो. म्हणूनच हलका, पाणीदार चहा आणि उत्तम मोती ही जोडी फुकट जाते. मोत्यांच्या आधी चहा चाखावा. हल्ली कपाच्या आतून काळ्या साखरेचे वाघासारखे पट्टे ओढतात आणि त्यात चहाच नसतो, नुसतं दूध. दिसायला देखणं आहे. मला विचाराल तर ते शिरखुर्म्याच्या वाटेने गेलेलं पेय आहे, चहाशी त्याचं देणंघेणं उरलेलं नाही.

आणि मग या सगळ्या मोत्या-बर्फातून बाजूला काढलेला, नुसता, गरम चहा. तैपेईच्या दादाओछंग भागातून १८६९ साली जॉन डॉड या स्कॉटिश व्यापाऱ्याने 'फोर्मोसा ऊलाँग' दोन जहाजांत भरून थेट न्यूयॉर्कला धाडला, सव्वाशे टनांच्या आसपास. ती वस्ती चहावरच वाढली. तिथलं १८८३ पासूनचं लिन हुआ ताय हे दुकान आजही कमरेएवढ्या धातूच्या पिंपांतून चहा काढून तोलून देतं. सजावट शून्य, आणि त्यामुळेच विश्वास बसतो.

पण प्यायला माओकोंगच्या डोंगरावर जावं. शहराच्या दक्षिण टोकाला, रोपवेने. तिथे चहाचे पैसे दोनदा देतात: एकदा पानांचे, आणि एकदा माणशी पाण्याचे. हे पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं. मग लक्षात येतं की पाण्याचे पैसे दिले म्हणजे संध्याकाळपर्यंत बसायची मुभा मिळाली, आणि उरलेली पानं घरी न्यायचीच आहेत. टेबलावर किटली खदखदत असते. दोंगदिंगसारख्या ऊलाँगची पानं मिरीएवढ्या घट्ट गोळ्यांत वळलेली. गरम पाण्यात त्या गोळ्या सुटतात आणि तिसऱ्या वेळी पाणी घालेपर्यंत छोट्याशा भांड्यात अख्खं झुडूप उगवल्यासारखी, देठासकट पानं दिसतात. पहिला घोट फक्त वासाचा. दुसऱ्यात अंग येतं. तिसरा-चौथा सगळ्यात बोलका. एक उंच अरुंद पेला नुसता वास घेण्यासाठी असतो: चहा त्यात ओतायचा, दुसऱ्या पेल्यात उपडा करायचा, आणि रिकामा पेला नाकाशी धरायचा. तो निवत जातो तसा वास बदलतो, आधी फुलं, मग भाजलेलं धान्य, मग जवळजवळ साखरेचा पाक.

आणि गिळल्यानंतर, दोन श्वासांनी, घशाच्या मागच्या बाजूने एक गोडवा परत वर येतो. साखरेचा कणही नसताना. चहाची प्रत तिथले जाणकार या परतणाऱ्या गोडव्यावर ठरवतात. ज्याला पहिल्याच घोटात सगळं हवं आहे, त्याच्या हाती हा गोडवा लागत नाही. तो तोवर दुसरा घोट घेऊन बसलेला असतो.

शिन्चूकडच्या 'ओरिएंटल ब्यूटी' या चहाला मध आणि पिकल्या फळाचा वास येतो तो एका किड्याच्या कृपेने. बारीक हिरवे तुडतुडे उन्हाळ्यात कोवळे शेंडे चावतात, झाड बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तीच पुढे पेल्यात उतरतात. दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडणीच्या प्रसिद्ध वासामागेही अशाच किड्यांचा हात आहे. औषध फवारलं की किडा गेला, आणि चहाही गेला. एका शेतकऱ्याने हा किडका माल चढ्या भावाने विकल्याचं सांगितलं तेव्हा गावाने त्याला थापाड्या ठरवलं, आणि त्या चहाला 'थापाड्या चहा' हे दुसरं नाव चिकटलं, अशी आख्यायिका आहे.

शेवटचा पेला आपल्या नात्यातला. जपान्यांनी १९२५ साली आसामातून बी आणून सूर्य-चंद्र सरोवराच्या काठी युछी इथे लावलं. पुढे ब्रह्मदेशी मोठ्या पानाची आसामी जात आणि बेटावरचा जंगली चहा यांच्या संकरातून १८ नंबरचा 'रूबी' काढला गेला आणि १९९९ साली लागवडीसाठी खुला झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात युछी ज्यात येतं त्या नानतोऊ भागाला भूकंपाने झोडपलं, आणि पुन्हा उभं राहताना युछीने याच चहाचा हात धरला. रंग माणकासारखा. दूध घालू नये. मराठी माणसाला हा नियम जाचक वाटेल, पण एकदा पाळून पाहावा, कारण दूध घातलं की सगळ्यात आधी मरतो तो याचा शेवट. दालचिनी आणि पुदिना, दोन्ही न घातलेले, गिळल्यावर येतात: दालचिनी आधी, पुदिन्याचा गारवा मागाहून. बरोबर अननसाचा केक घ्यायचा तर नीट विचारून घ्या. जुन्या पद्धतीच्या केकमध्ये बरंचसं सारण कोहळ्याचं असतं, गुळगुळीत आणि गोड. ते या चहापुढे फिकं पडतं. देशी अननसाचा केक मागा, रेषा दातात अडकतील असा आणि चांगला आंबट.